नंदुरबारचा पिनकोड फोडायचा कसा

मोठी संख्या दिसली की पोरं डायरेक्ट मोबाईल काढतात, कशाला भो, वहीचं अर्धं पान पुरतं. नंदुरबारचा पिनकोड घ्या, ४२५४१२, आणि तो मूळ संख्यांच्या गुणाकारात फोडू.

आधी अंकांची बेरीज मारा, १८ येते, तिला ९ ने भाग जातो म्हणजे आख्ख्या संख्येला पण जाणार. शेवटचे दोन अंक १२, म्हणून ४ ने पण जाणार. मग सरळ ३६ ने भागा, आले ११८१७. याची बेरीज पण १८च, परत ९ ने भागा, १३१३. आता इथं बरेच जण ७, ११ ट्राय करत बसतात, पण नीट बघा ना, १३ च्या पुढं परत १३ लिहिलंय, म्हणजे १३ गुणिले १०१, आणि १०१ मूळ संख्या आहे, ती काय फुटत नाही. एकूण झालं काय तर २ दोनदा, ३ चारदा, १३ आणि १०१ एकेकदा.

खरी मेहनत एवढीच, पुढचं सगळं यातूनच निघतं. विभाजक किती? जो जितक्यांदा आला त्यात १ मिळवून गुणाकार, ३×५×२×२ = ६०. त्यांची बेरीज पाहिजे तर (१+२+४), (१+३+९+२७+८१), (१+१३), (१+१०१) म्हणजे ७×१२१×१४×१०२, आले १२,०९,५१६. यातून ४,२५,४१२ वजा केले तरी ७,८४,१०४ उरतात, संख्येपेक्षा जास्त, म्हणून ही विपुल संख्या.

अंकांच्या बेरजेने, म्हणजे १८ ने, भाग पूर्ण जातो, २३६३४ वेळा, म्हणून हर्षद संख्या पण. हे नाव आपल्या देवळालीच्या गणितज्ञ कापरेकर मास्तरांनी दिलेलं. जळगाव ४२५००१, भुसावळ ४२५२०१, अमळनेर ४२५४०१ यांच्या अंकांची बेरीज सम अन् संख्या विषम, तिथं भागायच्या नादी लागूच नका. धुळं ४२४००१, बेरीज ११, तो पण नाही बसत.

मला आवडतं ते वेगळंच. ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारी मूळ संख्या यात फक्त ३, आणि ती सम वेळा आलीय, असं असलं की संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच. करून बघा, ५०४ चा वर्ग अधिक ४१४ चा वर्ग. ५७६ आणि ३०६ ने पण जमतं.

जळगावचा मात्र त्रास आहे. ३ ने भागून १४१६६७ येतात, मग ७, ११, १३ कशानेच जात नाही, वर्गमूळ ३७६ च्या जरा पुढं, म्हणून ३७६ पर्यंतची एकेक मूळ संख्या लावून बघावी लागते, तिथं खुशाल मोबाईल काढा.