पिकअपमागे डुलणारा कॅम्पर
इंदूरहून मांडूला जाताना पिकअपमागचा आमचा छोटा कॅम्पर (हुकला जोडून ओढायचे चाकांवरचे घर) वेग वाढताच डावी-उजवीकडे डुलू लागे. धर्मकाट्यावर आधी पूर्ण कॅम्परचे आणि मग केवळ जोडदांड्याखालच्या चाकाचे वजन केले, तेव्हा हुकवर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हवा असताना जेमतेम 6 टक्केच येत असल्याचे कळले. पाण्याची टाकी मागच्या भिंतीजवळून काढून आसाच्या पुढे बसवली आणि डुलणे थांबले. फिफ्थ-व्हील कॅम्परचा (मागच्या हुकऐवजी पिकअपच्या हौद्यातल्या जोडावर टेकणाऱ्या कॅम्परचा) विचार मात्र मी सोडला, कारण त्याचा 15 ते 25 टक्के भार थेट पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसावर उतरतो, आणि (विक्रेते ओढण्याची क्षमता कितीही सांगोत) माणसे-सामान धरता हलक्या पिकअपची पेलण्याची क्षमता तिथेच संपते.