पाहिलेल्या सिनेमावर कामाचं मत कसं लिहावं

‘छान आहे, नक्की बघा.’ घरच्या ग्रुपवर असा निरोप आला की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: ‘छान म्हणजे कसा? आई-बाबांना घेऊन जाऊ का?’ वाचणाऱ्याला बघू की नको हे ठरवता यावं, एवढ्यासाठीच प्रेक्षकाचं मत असतं. त्याला समीक्षकाचा अभ्यास लागत नाही, पण थोडी शिस्त मात्र लागते.

पहिलं काम सिनेमा संपल्यावर दहा मिनिटांत उरकायचं. मोबाईलवर तीन नोंदी करा: डोक्यात राहिलेला एक प्रसंग, लक्ष उडालं ती जागा आणि सोबतच्या माणसाने बाहेर पडताना काढलेलं पहिलं वाक्य. ओटीटीवर पाहत असाल तर कंटाळा आला तिथे पॉज करा आणि पडद्यावर दिसणारं मिनिट टिपून घ्या. थिएटरमध्ये इंटरव्हलच्या आधी की नंतर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. या नोंदी उद्यावर टाकू नका. सकाळपर्यंत चार जणांची मतं वाचून होतात आणि आपलं कुठलं, त्यांचं कुठलं, हे वेगळं काढता येत नाही.

मग लिहायला बसलात की कुठे, कशावर पाहिला ते आधी सांगा. ‘तुंबाड’ २०१८ साली आला आणि २०२४ मध्ये पुन्हा थिएटरांत लागला. त्यातला सततचा पाऊस आणि वाड्यातला काळोख मोठ्या पडद्यावर अंगावर येतो. तोच सिनेमा दुपारी खिडकीशेजारी बसून मोबाईलवर पाहिला तर अर्ध्या फ्रेममध्ये स्वतःचाच चेहरा दिसतो. अशा वेळी ‘काही दिसतच नाही’ ही तक्रार सिनेमाची की पडद्याची, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. डब केलेला पाहिला असेल तर तेही लिहा, कारण डबिंगमध्ये नटाचा आवाजच बदललेला असतो आणि मग अभिनयाबद्दल बोलताना जरा हात राखावा लागतो.

सगळ्यात जास्त मतं विशेषणांमुळे वाया जातात. ‘संथ’ हा शब्द घ्या. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला अनेकांनी संथ म्हटलं. पण संथ म्हणजे नेमकं काय? कॅमेरा एका जागी उभा राहतो, शॉट लांब चालतो, आणि कोर्टात कलमं एका दमात वाचणारी सरकारी वकीलबाई नंतर लोकलमध्ये, घरी स्वयंपाक करताना दिसते. एवढं लिहिलंत की एक वाचणारा म्हणेल, ‘मग मला नको’, आणि दुसरा म्हणेल, ‘हेच तर हवंय’. दोघांचंही काम झालं. म्हणून प्रत्येक विशेषणाला ‘म्हणजे काय?’ विचारा आणि उत्तर सापडलं की विशेषण काढून ते उत्तरच ठेवा. ‘ॲक्टिंग मस्त’ऐवजी कोणत्या पात्राने कुठल्या प्रसंगात काय केलं ते सांगा. ‘म्युझिक भारी’ म्हणण्याआधी गाणी आवडली की पार्श्वसंगीत, ते ठरवा. खूप जण गाणी आवडली म्हणून संगीताला दाद देतात आणि प्रसंगाखाली अखंड वाजत राहिलेल्या व्हायोलिनने डोकं उठलं, हे सांगायचं विसरतात.

गोष्ट किती सांगायची? पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत जे कळतं तेवढीच. त्यापुढचं एकही वळण नको. शिवाय ‘शेवटी जबरदस्त ट्विस्ट आहे’ हेही सांगू नका. ते वाचलेला माणूस सिनेमाभर ट्विस्ट शोधत बसतो आणि समोर चाललेलं त्याच्या हातून निसटतं. ‘दृश्यम’बद्दल एवढं पुरे आहे: केबलचा धंदा करणारा, सिनेमांचं वेड असलेला, जेमतेम चौथीपर्यंत शिकलेला माणूस आपल्या कुटुंबावर आलेलं संकट निस्तरतो. रिमेकबद्दल लिहिताना आधी कोणता पाहिला ते जरूर नोंदवा. मूळ मल्याळम ‘दृश्यम’ २०१३ चा, निशिकांत कामत यांचा हिंदी २०१५ चा. जो पहिल्यांदा पाहिला जातो त्यातलं रहस्य ताजं असतं, त्यामुळे तोच बहुधा सरस वाटतो. रहस्य आधीच माहीत असणं ही नंतर पाहिलेल्या सिनेमाची उणीव म्हणून मांडणं बरोबर नाही.

वेब सीरिजचं गणित वेगळं आहे. कितव्या सीझनचे किती एपिसोड पाहिले, हे पहिल्याच ओळीत हवं. ‘पंचायत’चा पहिला सीझन आठ एपिसोडचा आहे आणि तो २०२० मध्ये आला. तेव्हा गोष्ट फुलेरा गावात येऊन पडलेल्या सचिवाच्या छोट्या अडचणींची होती, पुढे गावच्या राजकारणाने जास्त जागा घेतली. ‘पंचायत आवडली’ म्हटल्यावर कोणती, हा प्रश्न उरतोच. दोन एपिसोड पाहून सोडली असेल तर तसं सांगायला संकोच वाटू नये. कुठे आणि का सोडली, हे मतही उपयोगाचं आहे. फक्त ते पूर्ण सीरिजवरचं म्हणून देऊ नका.

रोजच्या मालिकेवर एका भागावरून लिहू नये, निदान सलग आठवडाभर पाहावी. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटं उरतात. त्यात कालच्या भागाची उजळणी किती, एकाच वाक्यावर सगळ्यांचे चेहरे आळीपाळीने किती वेळ दाखवले आणि गोष्ट खरंच किती सरकली, हे घड्याळ लावून पाहा. ‘मालिका ताणतात’ यापेक्षा ‘आठवडाभरात साखरपुड्याचा एकच दिवस चालला होता’ हे जास्त सांगून जातं.

मुलांसोबत बघता येईल का, हे प्रत्येक मतात असावं. सेन्सॉर प्रमाणपत्रात ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या सिनेमांचे, आता ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट आहेत. ते पाहाच, पण तेवढ्यावर थांबू नका. शिव्या आहेत, रक्त आहे, की लहान मुलाला त्रास होताना दाखवलंय? घराघरात चालणाऱ्या, न चालणाऱ्या गोष्टी निराळ्या असतात.

तारे द्यायचे असतील तर आधी पट्टी पक्की करा. नीट आठवणारे तीन सिनेमे निवडा: एक दोन ताऱ्यांचा, एक तीनचा, एक चारचा. नवा सिनेमा त्यांच्या शेजारी ठेवून मगच आकडा लिहा. ही पट्टी नसली की सगळंच साडेतीनवर येऊन थांबतं आणि त्या आकड्यातून काहीच कळत नाही.

लांबी पाऊणशे ते दीडशे शब्द. निकाल वर, कारणं खाली. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’वर असं लिहिता येईल:

‘घरी टीव्हीवर पाहिला. शांत सिनेमे आवडत असतील तर बघाच. वडील गेल्यानंतर आईची बदली होते आणि अकरा-बारा वर्षांचा मुलगा कोकणातल्या किनाऱ्यावरच्या गावात येतो. मोठी भांडणं, भाषणं नाहीत. नव्या शाळेत तो पोरांशी कसा जुळवून घेतो, एवढंच आहे. किल्ल्यावर पावसात एकटा सापडतो तेव्हाची त्याची घाबरगुंडी मला अजून दिसते. अमृता सुभाषने केलेली आई फार बोलत नाही, ऑफिसातून दमून येते आणि ते दमणं खरं वाटतं. मधे थोडा वेळ गोष्ट जागच्या जागी राहते. मुलांसोबत बघता येतो, पण फार लहान मुलं कंटाळतील.’

पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. कुठल्याही दुसऱ्या सिनेमाला जसंच्या तसं चिकटेल असं वाक्य सापडलं तर ते उडवा. वर्षभराने पुन्हा पाहिल्यावर मत बदललं, तर जुनं खोडू नका. त्याखाली तारीख टाकून नवं लिहा आणि दोन्ही वेळा कशावर पाहिला तेही जोडा.