बारा बटणांचा माऊस घेण्याआधी अंगठ्याला विचारा

दाबायचं होतं पाच नंबरचं बटण, दाबलं गेलं आठ, आणि आमचा टँक मेला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात मी हीलर, म्हणजे साथीदारांना बरं करणारं पात्र, खेळते. टँक म्हणजे शत्रूचे घाव स्वतःवर घेणारा साथीदार. वीस जणांच्या रेडमध्ये, म्हणजे एकत्र लढायच्या मोठ्या मोहिमेत, सगळ्यांचे जीव आम्हा चार हीलरांवर असतात. माझ्या पाचवर टँकला झटकन सावरणारा स्पेल (मंत्र) होता आणि आठवर तीन मिनिटांतून एकदाच वापरता येणारा मोठा स्पेल. मोठा वाया गेला, टँक पडला, मागोमाग सगळा रेड आडवा झाला. तो माऊस मी मोठ्या हौसेने घेतला होता. बाजूला १२ बटणं, पण सगळी एकसारखी, गुळगुळीत आणि सपाट. अंगठ्याला पाच कुठलं नि आठ कुठलं हे कळावं असं त्यांच्यावर काहीच नव्हतं. त्या दिवसानंतर माऊस आणि कीबोर्ड कसे निवडायचे याची मी माझ्यापुरती एक पद्धत बसवली. ती सांगते.

खरेदीच्या आधी एक संध्याकाळ कागद-पेन्सिल जवळ ठेवून खेळा. प्रत्येक लढाई संपली की लिहा: कोणती बटणं दाबली, कितीदा, आणि दाबताना तुम्ही पळत होतात की उभे होतात. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या यादीत एकूण २७ गोष्टी बटणांवर होत्या. लढाईत सारखी लागणारी त्यांतली १४, आणि पळता पळता दाबावी लागणारी फक्त ८. माझा निम्मा निर्णय त्या कागदावरच झाला.

कारण असं आहे. डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चालण्याच्या कळांवर असतो. मधलं बोट डब्ल्यूवर अडकलेलं, अनामिका आणि तर्जनी आळीपाळीने ए आणि डी वर. अशा वेळी क्यू, ई किंवा ३ दाबायचं म्हणजे एक बोट चालण्यावरून उचलावं लागतं आणि पात्र क्षणभर अडखळतं. उजव्या हाताचा अंगठा मात्र तेव्हा मोकळा असतो. म्हणून पळताना लागणारी, लगेच लागू होणारी स्पेल्स माऊसच्या बाजूला ठेवायची. जी टाकायला उभंच राहावं लागतं ती खुशाल कीबोर्डवर ठेवा, कारण उभं असताना डावा हात रिकामाच असतो. एक अपवाद ध्यानात ठेवा: ज्या हल्ल्यासाठी अचूक नेम धरावा लागतो तो अंगठ्याच्या बटणावर नको. बाजूचं बटण दाबताना माऊस थोडा तरी ढकलला जातोच.

आता १२ हा आकडा कुठून आला ते पाहू. वॉरक्राफ्टच्या पहिल्या ॲक्शन बारला, म्हणजे पडद्यावरच्या स्पेल्सच्या पट्टीला, १२ घरं असतात: १ ते ९, मग ०, वजाबाकीचं चिन्ह आणि बरोबरचं चिन्ह. बाजूची १२ बटणं हीच अक्षरं पाठवतात, त्यामुळे काही न बदलता माऊस लगेच चालू लागतो. रेझर कंपनीचा नागा हा माऊस २००९ मध्ये आला तो याच मांडणीने, आणि मग इतरांनीही ती उचलली. पण तुमच्या कागदावर पळतानाच्या पाच-सहाच गोष्टी असतील तर सहा बटणांचा माऊस जास्त सुखाचा. त्याची बटणं मोठी असतात, चुकायला वाव कमी. माझा धाकटा भाऊ नेमबाजीचे खेळ खेळतो. त्याला बाजूची दोन बटणं पुरतात आणि वजन साठ-सत्तर ग्रॅमच्या वर गेलं की तो माऊस हातात धरत नाही. बारा बटणांचे माऊस साधारण ११० ते १३० ग्रॅमचे असतात. मला ते चालतं, कारण मला माऊस उचलून झटके द्यावे लागत नाहीत. त्याच्यासाठी ते ओझं आहे. तेव्हा मित्राचा माऊस भारी वाटला म्हणून तोच घेऊ नका. आधी मित्र काय खेळतो ते बघा.

माऊस हातात मिळाला की मी दोन परीक्षा घेते.

पहिली अंगठ्याची. डोळे मिटायचे, माऊस नेहमीसारखा धरायचा, आणि कुणाला तरी नंबर पुकारायला सांगायचे: सात, दोन, अकरा, पाच. मी हे काम भावाला देते. अंगठा ज्या बटणावर जाईल त्यावर थांबायचं, त्याने बघून बरोबर की चूक सांगायचं. पहिल्या दिवशी चुका होणारच, त्याचं काही नाही. पाहायचं हे की अंगठा चुकल्यावर त्याचं त्याला कळतं का. बहुतेक बारा बटणी माऊसवर पुढच्या बाजूला १, २, ३ एकाखाली एक असतात, त्यामागे ४, ५, ६, मग ७, ८, ९ आणि तळहाताकडे १०, ११, १२. म्हणजे मधल्या ओळीत २, ५, ८ आणि ११ शेजारी-शेजारी येतात. ५ आणि ८ मध्ये फरक जाणवायला हवा: रांगांचा कल वेगळा असावा, एखाद्या रांगेची बटणं खडबडीत असावीत, किंवा एखाद्या बटणावर उंचवटा असावा. बटणं अंगठ्याखाली डोंगर-दरीसारखी लागली की हात आपोआप शिकतो.

दुसरी परीक्षा हलण्याची. पडद्यावर एखाद्या छोट्या चिन्हाच्या कडेवर पॉइंटर ठेवायचा आणि बाजूचं प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबायचं. पॉइंटर जागेवरून सरकला तर ते बटण दाबायला जड आहे, किंवा माऊस तुमच्या हाताला बसत नाही. अनामिका आणि करंगळी पलीकडून माऊसला आधार देतात. तिथे बोटं टेकायला जागा नसेल तर अंगठ्याचा सगळा जोर माऊसला ढकलण्यात जातो. माझा हात लहान आहे, मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेमतेम १७ सेंटिमीटर. रुंद माऊसवर मला १, २, ३ पर्यंत पोचायला पंजा पुढे सरकवावा लागतो, आणि तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी ठणकायला लागतं. असं दुखलं तर सवय होईल म्हणून रेटू नका. तो माऊस परत करा.

लहान-मोठ्या हातांसाठी काही कंपन्यांनी चांगला विचार केलाय. कॉर्सेरच्या सिमिटारमध्ये बटणांची सगळी पट्टीच पुढे-मागे सरकवून घट्ट करता येते. नागा ट्रिनिटीची बाजू काढून २, ७ किंवा १२ बटणांची दुसरी बाजू बसवता येते. लॉजिटेकच्या जी ६०० ला अनामिकेखाली तिसरं मोठं बटण होतं. ते धरून ठेवलं की बाजूची १२ बटणं दुसरी १२ कामं करायची. ज्यांना खरोखर वीसच्या वर गोष्टी लागतात त्यांनी अशी सोय शोधावी. डावखुऱ्यांची मात्र पंचाईत आहे. नागाची डाव्या हाताची आवृत्ती निघाली होती, पण एकूणच पर्याय थोडे.

डीपीआयवर मी फार वेळ घालवत नाही. ८०० डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकवला की ८०० मोजण्या. खोक्यावर पंचवीस हजार लिहिलेलं असलं तरी मी १२०० वर खेळते, आणि चांगले खेळणारे पुष्कळ जण ४०० ते १६०० मध्येच असतात. पोलिंग रेट १००० हर्ट्झ असला की माऊस दर मिलिसेकंदाला आपली जागा कळवतो. साध्या ऑफिसच्या माऊसला तेच सांगायला ८ मिलिसेकंद लागतात. १००० झाले की पुरे.

वायरलेस घ्यायचा तर खेळण्यासाठी २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) वापरा, ब्लूटूथ इतर कामांना ठेवा. डोंगल कॅबिनेटच्या मागे यूएसबी ३ च्या पोर्टांच्या गर्दीत खुपसू नका. त्या पोर्टांचा गोंगाट याच लहरींच्या पट्ट्यात येतो आणि माऊस मध्येच अडखळतो. छोट्या एक्स्टेंशनने डोंगल माऊसजवळ आणला की बहुधा त्रास संपतो.

विकत घेण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: बटणांची मांडणी माऊसच्या आतल्या मेमरीत राहते का? राहत असेल तर माऊस कुठल्याही संगणकाला लावा, तुमची बटणं तुमच्याबरोबर येतात. माझ्या एका माऊसचं सगळं सॉफ्टवेअरच्या खात्यात होतं. एका रात्री लॉगिन होईना, आणि रेड सुरू व्हायला दहा मिनिटं असताना माझी सगळी बटणं कोरी. आता आतल्या मेमरीशिवाय मी माऊस घेतच नाही.

मांडणी करताना बटणांना कीबोर्डवरचेच आकडे देऊ नका, नाहीतर वरची आकड्यांची रांग वाया जाते. एफ १३ ते एफ २४ द्या. या कळा बहुतेक कीबोर्डांवर नसतात, पण विंडोज त्या ओळखतं आणि बरेच खेळही. तुमचं सॉफ्टवेअर त्या देत नसेल तर नमपॅडचे, म्हणजे कीबोर्डच्या उजव्या टोकाच्या चौकोनातले, आकडे चालतात. मात्र नमलॉक चालू असताना शिफ्टबरोबर नमपॅडचा आकडा दाबला तर विंडोज त्याला बाण, होम किंवा एंड समजतं. 'शिफ्ट धरलं की माऊस चालत नाही' ही तक्रार बहुतेकदा इथून येते. त्यापेक्षा कंट्रोलची जोडी लावा.

मॅक्रोचं, म्हणजे एका बटणात अनेक कृती साठवण्याचं, सांगायलाच हवं. एका दाबात एक कृती, एवढंच धरून चाला. एका बटणात पाच स्पेल्स वेळ लावून भरणारा मॅक्रो माऊस आनंदाने साठवून घेईल, पण खेळाचे नियम तो मान्य करतीलच असं नाही, आणि खातं जातं ते तुमचं. नेमबाजीत तर ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या काउंटर-स्ट्राइक २ या खेळाच्या अधिकृत सर्व्हरवर एका दाबात अनेक हालचाली आपोआप करणारी सोय बंद केली. काही कीबोर्डांमध्ये उलट दिशांच्या दोन कळांपैकी शेवटची आपोआप निवडणारी सुविधा असते, तीही त्यात आली. असा कीबोर्ड घेतला असेल तर ती सुविधा बंद करून खेळा.

आता कीबोर्ड. शिफ्ट, डब्ल्यू आणि ए धरून क्यू दाबलं की माझ्या जुन्या मेम्ब्रेन कीबोर्डवर काहीच व्हायचं नाही. कितीतरी दिवस मी नेटला दोष देत होते. खरं कारण असं की स्वस्त कीबोर्डमध्ये कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. जाळीतल्या एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले तर चौथाही दाबल्यासारखा दिसतो, म्हणून कीबोर्ड तिसरी कळ सरळ गिळून टाकतो. चांगल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, तिथे हे होत नाही. तपासायला सोपं आहे: नोटपॅड उघडा, दोन्ही शिफ्ट धरून ठेवायला कुणाला तरी सांगा आणि ए ते झेड टाइप करा. जी अक्षरं उमटली नाहीत ती कीबोर्डने खाल्ली. मग तुमच्या खेळातल्या नेहमीच्या जोड्याही अशाच धरून बघा. सगळ्या कळा एकदम ओळखणारा कीबोर्ड मिळाला तर उत्तमच. पण शिफ्ट-कंट्रोल सोडून सहा कळा नीट ओळखल्या तरी भागतं, कारण डाव्या हाताला बोटं पाचच आहेत.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असतो. त्यांतला लाल सरळ खाली जातो, तपकिरीला मध्ये हलकी अडखळ असते, निळा टक् टक् वाजतो. चेरी कंपनीच्या लाल स्विचला ४५ सेंटिन्यूटन जोर लागतो, तपकिरीला ५५. दोघेही २ मिलिमीटर दबले की नोंद होते, पूर्ण प्रवास ४ मिलिमीटर. मी तपकिरी वापरते. हीलरची बोटं कळांवर टेकून वाट बघत असतात, आणि लालवर माझ्याकडून नको तेव्हा स्पेल सुटायचा. निळा घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. व्हॉइस चॅटवर बॉसच्या (मोठ्या शत्रूच्या) लढाईत सूचना देणाऱ्याच्या आवाजात तुमची टकटक मिसळते. चुंबकीय स्विचमध्ये कळ किती दबल्यावर नोंद व्हावी हे आपण ठरवू शकतो आणि भाऊ त्यावर खूश आहे. आमच्यासारख्या खेळात त्याची गरज पडत नाही.

आकारात माझी पसंती नमपॅड नसलेल्या, ८७ कळांच्या कीबोर्डला. नमपॅडमुळे माऊसचा हात बाहेर ढकलला जातो आणि उजवा खांदा भरून येतो. त्याहून लहान, ६१ कळांच्या कीबोर्डवर एफ १ ते एफ १२ ची वेगळी रांग नसते. तुमच्या यादीत त्या असतील तर ते घेऊ नका. डाव्या कडेला जास्तीच्या मॅक्रो कळा असलेला कीबोर्ड मी वर्षभर वापरला. कंट्रोल शोधणारी करंगळी दर वेळी त्यांच्यावर पडायची, शेवटी त्या मी बंदच करून टाकल्या.

माऊस घरी आला की सगळी बटणं पहिल्याच दिवशी भरू नका. तीन बटणांपासून सुरुवात करा: २, ५ आणि ८. दोन-तीन दिवसांनी आणखी दोन. ५ वर उंचवटा नसेल तर मी करते ते करा. नेलपॉलिशचा एक थेंब काडीच्या टोकाने बटणाच्या मधोमध ठेवा, रात्रभर वाळू द्या. अंगठ्याला तो टिपका लागला की बाकीची बटणं त्याच्यावरून मोजता येतात. झिजला की पुन्हा ठेवायचा. माझ्या माऊसवर सध्या चौथा थेंब आहे. सवयीला मला पंधरवडा लागला, आणि तेवढे दिवस मी मोठ्या रेडला न जाता छोट्या पाच जणांच्या डंजनमध्ये खेळले.

आज माझ्या १ ते ८ वर पळतानाची आठ स्पेल्स आहेत. टँकला सावरणारा ५ वर, थेंबाखाली. तीन मिनिटांचा मोठा स्पेल माऊसवरून काढून कीबोर्डच्या जी वर नेला, म्हणजे चुकून दाबला जायला नको. ९ वर घोडा. १०, ११, १२ साठी अंगठा मागे दुमडावा लागतो, ती मी रिकामीच ठेवली आहेत.