रेडिओवरील फुटबॉल समालोचन : नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

फुटबॉलचे समालोचन शिकायचे आहे म्हणून जे तरुण आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर येतात, त्यांच्या कानात बहुधा दूरचित्रवाणीवरील समालोचन बसलेले असते. तिथे चित्र समोर असल्यामुळे समालोचकाला वाटेल तेव्हा गप्प राहता येते. छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावरील किंवा गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलातील सामना सांगताना ही सोय नसते, कारण तो सामना दुसऱ्या कोणत्याही वाहिनीवर दिसत नाही. युरोपातील लीगचा सामना हुकला तर रात्री मोबाइलवर पाहता येतो. पण दोन मोहल्ल्यांच्या संघांमधील उपांत्य सामन्याच्या वेळी चिकलठाण्याच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला गेलेल्या भावाला किंवा रोशन गेटवर सवारीची वाट पाहणाऱ्या रिक्षाचालकाला रेडिओशिवाय दुसरा आधार नसतो. तो जगातल्या उत्तम फुटबॉलसाठी ऐकत नाही. डाव्या बगलेवर धावणारा मुलगा त्याच्या गल्लीतला आहे म्हणून ऐकतो.

नव्या माणसाने नियमांची बाजूही समजून घ्यावी. 2006 च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची परवानगी मिळू लागली. अशा केंद्राचा आवाज साधारण 10 ते 15 किलोमीटरपर्यंत पोहोचतो, म्हणजे एक शहर आणि भोवतालची काही गावे. खासगी एफएम केंद्रांसाठीच्या 2011 च्या धोरणात मोठ्या क्रीडा स्पर्धांचे थेट वर्णन वगळलेले आहे, मात्र स्थानिक स्वरूपाच्या सामन्यांच्या थेट समालोचनाला त्यात मुभा आहे. मोठ्या स्पर्धा मोठ्यांकडेच राहणार; आपल्या वाट्याला आपले मैदान येते, आणि माझ्या मते तेच अधिक कामाचे आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. 22 जानेवारी 1927 रोजी बीबीसीने आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्यातील सामन्याचे पहिले थेट समालोचन केले, तेव्हा श्रोत्यांसाठी मैदानाचे क्रमांक घातलेल्या चौकोनांचे चित्र आधी छापून दिले होते आणि चेंडू कोणत्या चौकोनात आहे हे दुसरा आवाज सांगत असे. आपल्याकडे असा नकाशा छापला जात नाही, म्हणून तो बोलण्यातूनच उभा करावा लागतो. सुरुवातीलाच सांगावे की आपण प्रेक्षकांच्या पश्चिमेकडील बाजूला बसलो आहोत, निळा संघ आपल्या डावीकडून उजवीकडे आक्रमण करतो आहे, आणि मध्यंतरानंतर बाजू बदलल्यावर हेच पुन्हा सांगावे. ‘जबरदस्त चाल!’ या उद्गारातून श्रोत्याला काहीच दिसत नाही. ‘इरफान, उजव्या कडेला, मध्यरेषेच्या थोडे पुढे; आत वळला, एकाला चकवले; पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी; डाव्या पायाने फटका, गोलरक्षकाने बाहेर ढकलला, कॉर्नर’ एवढे म्हटले की त्याला सगळे दिसते. विशेषणे चेंडू थांबल्यावर वापरावीत.

गुणसंख्या दर दोन-तीन मिनिटांनी सांगितलीच पाहिजे. आमच्या नियमित श्रोत्यांमध्ये दृष्टिहीन असलेले एक गृहस्थ आहेत. गोल झाल्यावर आम्ही आरडाओरडा करतो आणि कोणी केला हे अर्ध्या मिनिटाने सांगतो, अशी त्यांची रास्त तक्रार असते. आधी नाव, मग संघ, मग गुणसंख्या, आणि त्यानंतर हवे तेवढे ओरडावे.

क्रिकेटचे समालोचन ऐकत वाढलेल्यांना इथे सर्वांत जास्त अडचण येते. बाळ ज. पंडित यांनी मराठी क्रिकेट समालोचनाला जी लय दिली, तिला दोन चेंडूंमधला अवकाश लाभतो. आकडे, आठवणी, हवापाणी सगळे त्यात मावते. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटे तो अवकाश जवळजवळ नसतोच (जाहिरातदार त्यामुळेच थोडे नाराज असतात). तरीही कोणी जायबंदी झाला की मिनिट-दोन मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यापुरते काही पदरी असावे. जुन्या शहरातील ज्येष्ठ श्रोत्यांना हैदराबादच्या आठवणी फार आवडतात. 1948 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. त्यानंतर 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने रोव्हर्स चषक जिंकला, आणि त्याच संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथे स्थान मिळवले व 1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवून सुवर्णपदक पटकावले. एवढे सांगेपर्यंत खेळ सुरू झालाच, तर वाक्य अर्धवट सोडून द्यावे. श्रोता राग धरत नाही.

खेळाडू ओळखणे हे खरे कष्टाचे काम आहे. एका संघात तीन शेख आणि दोन पठाण असले की आडनावे निरुपयोगी ठरतात, म्हणून पहिल्या नावांची यादी हवी. सामन्यापूर्वी सराव चालू असताना मैदानात उतरून प्रशिक्षकाकडून नावे आणि त्यांचे उच्चार लिहून घ्यावेत. पावसाळ्यात काळ्या चिखलाने पाठीवरचे क्रमांक झाकले जातात, उन्हाळ्यात धुळीने. अशा वेळी बुटांचा रंग, खाली घसरलेले मोजे, केसांची ठेवण, धावण्याची ढब यांच्या खुणा यादीपुढे टिपलेल्या असाव्या लागतात. मी स्वतः ‘केशरी बूट’, ‘उजव्या गुडघ्याला पट्टी’ अशा नोंदी करतो. आमच्याकडे सामने ऊन उतरल्यावर सुरू होतात, त्यामुळे सूर्य पाठीशी राहील अशी पश्चिमेची जागा आधीच धरावी. मुख्य माईक तोंडाजवळ ठेवावा आणि गर्दीच्या आवाजासाठी दुसरा माईक लांब लावावा; तो आवाज नसेल तर सामना स्टुडिओत खेळला जातो आहे असे वाटते.

पोटापाण्याचे म्हणाल, तर केवळ यावर घर चालत नाही. आकाशवाणीत स्वरचाचणी उत्तीर्ण होऊन नैमित्तिक उद्घोषक होता येते, पण महिन्याला मोजक्याच ड्युट्या मिळतात, आणि फुटबॉल त्यात क्वचितच येतो. सामुदायिक केंद्रात मानधन नाममात्र असते. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांपैकी काही शिक्षक आहेत, काही जण लग्नसमारंभात आणि शासकीय कार्यक्रमांत सूत्रसंचालन करतात. समालोचनाचा सराव तिथे उपयोगी पडतो.

सुरुवात सुब्रतो चषकाच्या जिल्हास्तरीय शालेय सामन्यांपासून करावी. तिथे गर्दी कमी असते आणि रेषेजवळ बसायला कोणी मनाई करत नाही. मोबाइलवर संपूर्ण अर्धा डाव ध्वनिमुद्रित करावा. दुसऱ्या दिवशी कागदावर मैदान आखून ते ध्वनिमुद्रण ऐकावे आणि आपल्या शब्दांवरून चेंडूचा मार्ग पेन्सिलीने काढत जावे. जिथे रेघ तुटते, तिथे आपण काय बोलत होतो हे समासात लिहावे; बहुतेकदा तिथे एखादे विशेषण सापडते.