मुलांसोबत ५ किलोमीटरच्या शर्यतीत धावताना

मुलं सुरुवातीलाच सुसाट सुटतात आणि पहिल्या किलोमीटरलाच पोटात कळ येऊन थांबतात. त्यावर उपाय:

१. गर्दीच्या मागे उभे राहा. वेळ मोजणारी चिप असेल तर तुमची निव्वळ वेळ सुरुवातीच्या रेषेवरची पट्टी ओलांडल्यावरच सुरू होते, त्यामुळे नुकसान काही नाही.

२. वेग सगळ्यांत लहानग्याचा. तो पुढे, मोठे अर्धं पाऊल मागे. २ मिनिटं धावा, १ मिनिट चाला; हे पहिल्यापासूनच, दमल्यावर नव्हे. बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झालाय. (बाबांना हे जड जातं.)

३. बिबच्या (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या) मागे पालकाचा फोन नंबर बॉलपेनने लिहा.

नवे बूट मात्र त्या दिवशी नकोत, टाचेला फोड येतात.