लघुग्रह शोधताय? आधी या चुका टाळा

पावसाळ्यात कोकणात आभाळ दिसत नाही, तरी लघुग्रह शोधता येतात. विद्यार्थ्यांच्या शोधमोहिमांत चित्रं हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची असतात. आपल्याला लागतो संगणक, चित्रं तपासायचं सॉफ्टवेअर अ‍ॅस्ट्रोमेट्रिका आणि धीर. शाळांत कमी पडतो तो धीरच.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे चौथा ठिपका जुळवून घेणं. एका संचात आभाळाच्या एकाच तुकड्याची चार चित्रं असतात. ती भराभर आलटून-पालटून पाहिली की तारे जागेवर राहतात, लघुग्रह सरकतो. हमखास घडतं ते असं: तीन चित्रांत ठिपका छान दिसतो, चौथ्यात नसतो. मग अंदाजाच्या जागेजवळ जो डाग सापडेल त्यावर क्लिक होतं. आकडे लगेच चोरी उघडी पाडतात. समजा पहिल्या तिघांची प्रत (तेजाचा आकडा; तो जितका कमी तितकं तेज जास्त) २०.९, २१.०, २०.८ आली आणि चौथ्याची १९.६, तर तो चौथा खराब पिक्सेल किंवा वैश्विक किरणाचा ओरखडा असण्याचीच शक्यता जास्त. चित्र मोठं करा. शेजारचे तारे गोल आणि आपला ठिपका टोकदार असेल तर सोडून द्या. मग कागद घ्या, चारही वेळा आणि जागा लिहा, प्रत्येक टप्प्याचं अंतर मिनिटांनी भागा. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या (आभाळात सूर्याच्या बरोबर समोर येण्याच्या) सुमारास तासाला साधारण ३० ते ४० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो, म्हणजे मिनिटाला अर्ध्या विकलेहून थोडा जास्त. तिन्ही भागाकार जवळपास सारखे आणि ठिपके एका रेषेत हवेत. तीनच खरे असतील तर तीनच नोंदवा.

माहीत असलेल्या लघुग्रहांच्या कक्षांची एमपीसीओआरबी फाइल मोहिमेआधी ताजी करा, नाहीतर माहीत असलेला लघुग्रह ‘नवा’ म्हणून पाठवाल. गावात रेंज नसेल तर तालुक्याहून पेन ड्राइव्हवर आणा.

नवा संच उघडण्याआधी सॉफ्टवेअरमधला आधीच्या नोंदींचा अहवाल पुसा.

अहवाल वर्डमध्ये उघडू नका. ओळ ८० अक्षरांची, प्रत्येक आकड्याचा रकाना ठरलेला. एक जागा सरकली की ओळ बाद. नोटपॅड पुरतं.

आता नावाची घाई. प्राथमिक नोंदीचं पत्र येतं आणि शाळेच्या फाटकावर ‘आमच्या विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला’ असा बॅनर लागतो. मुलांचं कौतुक जरूर व्हावं, पण खोटं सांगून नको. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवरून रात्री समुद्रात दिवा दिसला, तर एका नजरेत तो नांगरलेला की चालता हेही कळत नाही. पहाटे कुठे असेल हे सांगायला बराच वेळ पाहावं लागतं. कक्षेचंही तसंच. १ जानेवारी १८०१ ला इटलीतल्या खगोलज्ञ पियाझीला सेरेस हा पहिला लघुग्रह दिसला, फेब्रुवारीपर्यंत त्यानं निरीक्षणं घेतली, आणि मग तो सूर्याच्या उजेडात हरवला. गणितज्ञ गाउसनं कक्षा मांडली तेव्हा वर्षअखेर तो पुन्हा सापडला.

आजही तात्पुरत्या नावानंतर अनेक प्रतियुतींत निरीक्षणं लागतात. मुख्य पट्ट्यात दोन प्रतियुतींत सव्वा ते दीड वर्ष जातं, तेव्हा कायमचा क्रमांक मिळायला वर्षं लागतात. पंडित जसराजांच्या नावाचा लघुग्रह पाहा. २००६ व्हीपी३२ हे त्याचं तात्पुरतं नाव: ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, ‘पी३२’ म्हणजे त्या पंधरवड्यातली ८१५ वी नोंद. पुढे ३००१२८ हा क्रमांक, आणि ‘पंडितजसराज’ हे नाव २०१९ मध्ये. तेरा वर्षं.

नाव सुचवण्याचा हक्क ज्याची संशोधक म्हणून अधिकृत नोंद झाली त्याचा, तोही क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षं. नाव रोमन लिपीत मोकळ्या जागेसकट १६ अक्षरांत बसायला हवं. ‘सिंधुदुर्ग’ दहा अक्षरांत बसतं, ‘छत्रपती शिवाजी’ १९ होतात. व्यापारी नाव चालत नाही. राजकारणी किंवा सेनानी असेल तर मृत्यूला शंभर वर्षं झालेली हवीत. नाव ठरवण्याआधी आधीच्या नावांची यादी चाळा, कारण मिळतंजुळतं नावही नाकारलं जातं.