माझ्याकडे चालतं, क्लायंटच्या पीसीवर 'एरर २६'

डेस्कटॉप ॲप माझ्या मशीनवर व्यवस्थित. क्लायंटच्या पीसीवर मात्र 'एरर २६', म्हणजे डेटाबेस सर्व्हर सापडत नाही. पासवर्ड बदलला, ॲप पुन्हा टाकलं. दोन दिवस डोक्याला नुसता ताप.

सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस (मायक्रोसॉफ्टचा मोफत डेटाबेस). त्यात टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्कवरून जोडणी, मुळात बंदच असतं. ॲप आणि डेटाबेस एकाच मशीनवर असले की शेअर्ड मेमरीने, नेटवर्कशिवायच, भागतं, म्हणून लक्षातच आलं नाही.

एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये आधी टीसीपी/आयपी एनेबल केलं. मग त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये, 'आयपी ॲड्रेसेस' टॅबच्या अगदी तळाशी 'आयपी-ऑल'मध्ये डायनॅमिक (आपोआप बदलणाऱ्या) पोर्टची चौकट रिकामी केली (तिथला शून्यही पुसायचा), टीसीपी पोर्ट १४३३ दिला. सर्व्हिस रीस्टार्ट. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये १४३३ ला इनबाउंड (बाहेरून आत येण्याची) परवानगी. शेवटी ॲपच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (डेटाबेसचा पत्ता असलेली ओळ) इन्स्टन्सचं, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या एसक्यूएल प्रतीचं, नाव काढून सर्व्हरचं नाव, स्वल्पविराम, १४३३. कोलन नाही, स्वल्पविरामच! इन्स्टन्सच्या नावावरून पोर्ट सांगणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर सर्व्हिसची गरजही पडली नाही.